हे खरे आहे काय?

तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू होऊन मला जेमतेम वर्ष झाले होते. १९७४ चा पावसाळा संपत आलेला, दुष्काळी कामांची मस्टरे अजून कपाटाबाहेर ढिगाने पडलेली. एका संध्याकाळी जिल्ह्याहून जीप आली आणि शिपायाने अव्वल कारकुनांच्या टेबलावर एक कागद ठेवला. वर तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते : 'अत्यंत तातडीचे. विधानसभा तारांकित प्रश्न.' अव्वल कारकुनांनी निघण्यासाठी उचललेली पिशवी परत खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "एलएक्यू आलंय. आज कुणी घरी जायचं नाही."

प्रश्न एका पाझर तलावाचा होता. तलावाचे काम अपुरे असताना पूर्ण देयक अदा झाले, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? रात्री दहापर्यंत तलाठ्याला निरोप गेला, मोजमाप पुस्तक आले, आणि माझ्या हस्ताक्षरात उत्तराचा मसुदा तयार झाला. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

तो तलाव मी पाहिला होता. पण मला कुणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

तोच मसुदा जिल्हा, आयुक्त, सचिवालय अशा पायऱ्या चढत नागपूरच्या अधिवेशनात पोचला आणि छापला गेला. मग प्रश्न विचारणारे आमदार उभे राहिले आणि त्यांनी एकच उपप्रश्न केला : भिंतीची मंजूर लांबी किती, आणि आज जागेवर किती? मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिले. गॅलरीतून चिठ्ठी आली ती लांबीची नव्हती, 'माहिती घेऊन सांगतो' अशी होती. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. आठवड्याभरात आमच्या तालुक्यात टेप घेतलेला एक कार्यकारी अभियंता उतरला.

स्मरणिकेच्या संपादकांनी विधिमंडळातल्या प्रश्नोत्तराच्या तासाचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा मला पहिल्यांदा ती टेप आठवली. पुढे आयोगाची परीक्षा देऊन मंत्रालयात आलो आणि उरलेली नोकरी अशी उत्तरे तयार करण्यातच गेली, म्हणून हा इतिहास उत्तर देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे हे आधीच सांगून टाकतो. या बाजूने पाहिले की एक गोष्ट स्वच्छ दिसते. पहिल्या प्रश्नाला सरकार कधी भीत नाही. त्याचे उत्तर लिहायला पंधरा टेबले असतात. दुसरा प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र या देशातल्या सभागृहांना साठ वर्षे झगडून, तुकड्यातुकड्याने मिळवावा लागला.

*

सुरुवात उलटी झाली, म्हणजे आधी प्रश्न बंद करण्यात आले. १८५४ मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर जनरलचे बारा जणांचे कायदेमंडळ सुरू झाले. सगळे साहेबच, पण मंडळी कायद्यापुरती थांबेनात. सरकारकडे कागदपत्रे मागू लागली, म्हैसूरच्या राजघराण्यातल्या, म्हणजे टिपूच्या, वारसांना दिलेल्या रकमांची विचारपूस करू लागली. लंडनला हे आवडले नाही. १८६१ च्या कौन्सिल कायद्याने मंडळात हिंदी माणसे घेतली आणि त्याच हाताने मंडळाचे तोंड शिवले : समोर असेल त्या विधेयकावर बोला, दुसरा विषय काढायचा नाही.

याच १८६१ साली लंडनच्या पार्लमेंटात ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने लोकलेखा समिती नेमली गेली. मंजूर केलेला पैसा सांगितल्याच कामावर खर्च झाला का, हे तपासण्याचे यंत्र एका घरात बसवले जात होते आणि त्याच घरातून निघालेल्या कायद्याने आमच्याकडे साधी विचारपूसही बंद होत होती. योगायोग म्हणावा तर फारच सोयीचा.

मुंबईच्या कौन्सिलची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाऊन हॉलमध्ये झाली. नेमलेल्या सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी. पुढची तीस वर्षे या सभागृहात सरकारला एकही प्रश्न विचारता आला नाही. खर्चाचे आकडे गॅझेटात छापून यायचे. ज्याला इंग्रजी येत होते त्याने वाचावेत आणि गप्प बसावे.

१८९२ च्या सुधारणेने प्रश्नाचा हक्क दिला. सहा दिवसांची नोटीस, प्रश्न माहितीपुरता, त्यात तर्क नको, आरोप नको. उत्तर वाचून दाखवले की विषय संपला. उपप्रश्न नाही, चर्चा नाही. अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. शिवाय प्रश्न नाकारण्याचा अधिकार अध्यक्षाला, आणि अध्यक्ष म्हणजे ज्याच्या कारभाराबद्दल विचारायचे तोच गव्हर्नर.

मध्यवर्ती कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी अवधमधल्या भिंग्याच्या राजांनी विचारला. विषय राजकारणाचा नव्हता. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांच्या तंबूंना रसद पुरवताना खेड्यातला दुकानदार भरडला जातो, त्याचे काय? मला या प्रश्नाचे फार कौतुक वाटते. दौऱ्यावरच्या साहेबाची कोंबडी कोणाच्या खर्चाने शिजते, हा प्रश्न आमच्या नोकरीच्या काळातही तालुक्याच्या गावी चांगलाच जिवंत होता. तो सभागृहात मात्र कुणी नेला नाही.

मुंबईत या नव्या हक्काचा वापर करायला माणसे भक्कम मिळाली. फिरोजशहा मेहता आले, १८९५ मध्ये टिळक निवडून आले, १८९९ मध्ये गोखले. पण हक्क तोकडा होता. १९०१ च्या ऑगस्टात पुण्याच्या बैठकीत जमीन महसुलाचे विधेयक सरकारने रेटून नेले तेव्हा मेहतांच्या पाठोपाठ गोखलेही सभागृहातून उठून गेले. सभात्यागाची आपली परंपरा तिथपर्यंत मागे जाते. आज सभात्याग रोजचा झाला आहे. तेव्हा तो गोखल्यांसारख्या माणसाला जड गेला होता.

गोखल्यांची खरी तालीम आकड्यांची. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मांडून पाठ थोपटून घेत होते. गोखल्यांनी तीच शिल्लक पुराव्यासारखी पुढे केली. रयत दुष्काळाने मोडली असताना खजिना भरतो, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त आहे. मत देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून सरकारच्याच पुस्तकातले आकडे सरकारपुढे धरायचे एवढेच हाती होते. मंत्रालयात आम्ही नव्या सहायकांना एक गोष्ट बजावून सांगत असू : उत्तरात आकडा कमीत कमी द्या, दिलेला आकडा परत येतो. हे गोखल्यांनीच सरकारला शिकवले असणार.

१९०९ मध्ये उपप्रश्न आला, तोही अर्धाच. मूळ प्रश्न ज्याने विचारला त्यालाच दुसरा विचारता येई. १९१९ च्या सुधारणेनंतर तो कोणत्याही सभासदाला खुला झाला. मध्यवर्ती विधानसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांना राखला गेला आणि तोंडी उत्तर हवे त्या प्रश्नापुढे चांदणी छापायची रीत पडली. 'तारांकित' हा भारदस्त शब्द त्या छापखान्यातल्या फुलीएवढ्या खुणेवरून आला आहे. चांदणी असेल तर मंत्र्याने उभे राहायचे आणि उपप्रश्न झेलायचे. नसेल तर कागद येतो, कागद जातो.

*

मुंबईच्या कौन्सिलात १९२१ पासून गव्हर्नरच्या जागी अध्यक्ष म्हणून सर नारायण चंदावरकर बसले. काही खाती लोकांनी निवडलेल्यांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे गेली. पैशाची आणि बंदोबस्ताची गव्हर्नरच्या कार्यकारी सभासदांकडे राहिली. त्यांना प्रश्न विचारता येत होते, घरी पाठवता येत नव्हते. अशा अर्धवट घरात मुंबईच्या इतिहासातला सर्वांत जिद्दीचा प्रश्नकर्ता आला. खुर्शेद फ्रामजी नरिमन, धंद्याने वकील.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेचा समुद्र भरून काढायची योजना निघाली. कुलाब्यापासून उत्तरेकडे १,१४५ एकर नवी जमीन उभी राहणार, ती विकून खर्च भरून निघणार आणि वर नफा. त्यासाठी स्वतंत्र विकास खाते उघडले, कर्ज काढले. बंदराच्या तळाचा चिखल उपसून नळांनी बॅकबेत आणण्यासाठी मोठा ड्रेजर आला. त्याचे नावही 'सर जॉर्ज लॉइड'. समुद्रात भिंत घालायची आणि भिंतीच्या आत चिखल ओतायचा. चिखल भिंतीतून परत समुद्रात जाऊ लागला. ड्रेजर किती उपसेल याचा अंदाज आणि प्रत्यक्ष उपसा यांत मेळ बसेना. खर्च मात्र अंदाजाला मागे टाकून चालला होता.

नरिमन यांनी हा विषय धरला तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्या मधल्या फटीत. मूळ अंदाज कुणी केला, कशाच्या आधारावर, आणि आज काय झाले आहे? एक उत्तर आले की त्यातून दुसरा प्रश्न. सभागृहात उत्तर मिळेना तेव्हा वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून पुन्हा सभागृहात. शहरात योजनेला 'लॉइडसाहेबाचा मूर्खपणा' हे नाव पडले होते. शेवटी १९२६ मध्ये अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मीअर्स यांची चौकशी समिती बसली. समितीत विश्वेश्वरय्या होते. नरिमन यांच्या आरोपांवरून हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीची फिर्याद लावली. सभागृहात बोललेल्याला संरक्षण असते, बाहेर बोललेल्याला नसते. हे ठाऊक असून नरिमन बाहेर बोलले होते. ते निर्दोष सुटले. योजना आवरती घेतली तेव्हा १,१४५ पैकी सुमारे ४४० एकर जमीन पाण्याबाहेर आलेली होती.

पुढची दोन टोके जोडायचा मोह मला आवरत नाही. १९३७ मध्ये मुंबईत पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आले तेव्हा प्रांताच्या पंतप्रधानपदासाठी, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपदासाठी, नरिमन यांचे नाव घेतले जात होते. झाले बाळासाहेब खेर. ज्याने आयुष्यभर सरकारी बाकाला प्रश्न विचारले तो त्या बाकावर कधी बसला नाही. आणि १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेले आपले विधान भवन उभे आहे ते त्याच बॅकबेच्या आराखड्यातल्या पट्ट्यात, नरिमन यांचेच नाव दिलेल्या टोकाजवळ. तोवर विधिमंडळ भरत होते रीगल सिनेमाजवळच्या जुन्या खलाशीगृहात, जिथे आता पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. ज्या भरावाच्या खर्चाबद्दल सर्वांत जास्त उपप्रश्न विचारले गेले, त्या भरावाच्या पत्त्यावर आज रोज उपप्रश्न विचारले जातात.

त्याच कौन्सिलात दुसरी एक झुंज चालू होती, तिचा गवगवा कमी झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी ठराव आणला : सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. ठराव झाला आणि कागदावर राहिला. तीन वर्षांनी बोल्यांनी दुसरा प्रस्ताव आणला तो उपप्रश्नाच्या जातीचा होता : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे मानणार नाही, तिचे अनुदान बंद करा. तत्त्वाला सगळे मान डोलावतात. अनुदानाचे नाव काढले की खरे उत्तर बाहेर येते. १९२७ मध्ये महाडला जे घडले त्याच्या मागे हा ठराव उभा आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच.

डॉ. आंबेडकर त्याच वर्षी कौन्सिलात आले आणि २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बोलले. प्राप्तिकर भरायला आधी उत्पन्न असावे लागते. शेतसारा मात्र उत्पन्न असो नसो, मोठा जमीनदार असो की तुकडेवाला, सारख्याच दराने वसूल होतो. हे त्यांनी ज्या कोरडेपणाने मांडले तो मला कुठल्याही गर्जनेपेक्षा मोठा वाटतो. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या दुसऱ्या खंडात भाषणांबरोबर त्यांचे प्रश्न आणि सरकारची उत्तरेही छापली आहेत. भाषणे सगळे वाचतात. नव्या आमदारांनी प्रश्नोत्तरांची पाने वाचावीत, असे माझे मत आहे. उत्तराची पळवाट आधीच ओळखून प्रश्न कसा बांधायचा ते तिथे दिसते.

*

१९३७ च्या जुलैत दोन सभागृहांचे विधिमंडळ भरले. विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर, तेच पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. आता उत्तर देणारा मंत्री सभागृहाला जबाबदार होता. स्वातंत्र्यानंतर लोकलेखा समितीचेही स्थान बदलले. १९२१ पासून केंद्रात ही समिती होती, पण तिचा अध्यक्ष खुद्द अर्थखात्याचा सभासद. म्हणजे हिशेब लिहिणाऱ्यानेच हिशेब तपासायचा. १९५० पासून ती संसदेची झाली, आणि १९६७ मध्ये मिनू मसानींच्या रूपाने विरोधी पक्षाचा अध्यक्ष बसवण्याचा पायंडा पडला. महाराष्ट्रातही हीच प्रथा रुळली.

याच काळात प्रश्नाचे दोन्ही चेहरे देशाने पाहिले, आणि दोन्हींत मुंबईचा हात आहे. १९५१ मध्ये एच. जी. मुदगल या सभासदावर ठपका आला की मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन ते प्रश्न विचारतात, दुरुस्त्या सुचवतात. हकालपट्टीचा ठराव येताच त्यांनी राजीनामा दिला. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले समभाग का घेतले, हे लोकसभेत विचारले गेले. पहिली उत्तरे गुळमुळीत आली. १६ डिसेंबरला फिरोज गांधींनी स्वपक्षाच्या सरकारला पुराव्यांनी कोंडीत धरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. विमेदारांच्या पैशाचा प्रश्न सत्ताधारी बाकावरून आला होता, हे विसरू नये. विकत घेतलेल्या प्रश्नाची गोष्टही तिथे संपली नाही : २३ डिसेंबर २००५ रोजी संसदेने अकरा सभासदांना त्याच कारणासाठी बडतर्फ केले, त्यांत महाराष्ट्रातले दोघे होते.

*

१ मे १९६० नंतर प्रश्न मराठीत आला. हा बदल वाटतो त्याहून मोठा होता. इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर सुशिक्षित वकील हवा. मराठीत तो शेतकरी कामगार पक्षाच्या आमदाराला बांधावरून उचलून थेट सभागृहात नेता येऊ लागला. कृष्णराव धुळप, एन. डी. पाटील, केशवराव धोंडगे, मृणाल गोरे, आणि सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख. यांच्या प्रश्नांना उत्तर लिहिताना आमच्या टेबलावर पेन जरा थबकत असे. गणपतराव आवाज चढवत नसत. त्यांना टीएमसी आणि हेक्टर तोंडपाठ असत, आणि मंत्र्यांच्या ब्रीफमध्ये एखादा आकडा शेजारच्या तालुक्याचा पडलेला असला तर तो त्यांना नेमका सापडे.

उत्तराची मराठी मात्र आम्ही सचिवालयात घडवली, आणि तिच्याबद्दल मला फारसा अभिमान नाही. 'अंशतः खरे आहे' म्हणजे खरे आहे. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' म्हणजे अधिवेशन संपेपर्यंत थांबा. 'तपासून पाहण्यात येईल' हे आश्वासन नाही. 'कार्यवाही करण्यात येईल' हे आहे, म्हणून ते लिहिण्याआधी उपसचिवांना विचारा. कारण मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द आश्वासन समितीच्या वहीत चढतो आणि मंत्री बदलला, सरकार बदलले तरी खोडला जात नाही. तारांकितच्या जोडीला अतारांकित, अल्पसूचना, अर्धा तास चर्चा, नियम १०५ ची लक्षवेधी, नियम २९३ चा प्रस्ताव. प्रत्येकाचे कुलूप वेगळे. आत एकच गोष्ट ठेवलेली, मंत्र्याला उभे करायची सोय.

१९७२ च्या दुष्काळाने या सोयीची खरी परीक्षा घेतली. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडून रस्त्याकडेला रचलेली, हजेरीपटावर मेलेल्यांची नावे, सुखडीच्या पोत्यांचा हिशेब. कागद आणि जागा यांत जेवढे अंतर तेवढे प्रश्न, आणि अंतर भरपूर होते. वि. स. पागे विधान परिषदेच्या सभापतिपदावर असताना ज्या रोजगार हमीचा त्यांनी ध्यास घेतला, तिला पुढे कायद्याचे रूप आले, १९७५ पासून व्यवसाय कर लागला, आणि विधिमंडळाने या एका योजनेवर नजर ठेवायला स्वतंत्र समितीच नेमली. पगारातून दरमहा कापला जाणारा तो कर हमीच्याच निधीत जातो का, हा प्रश्न किती अधिवेशनांत मी उत्तराला घेतला ते सांगता येणार नाही. आमच्याही पगारातून तो कापला जात होता, त्यामुळे उत्तराबद्दल थोडे कुतूहल आम्हालाही असे.

समित्यांचे काम लोकांना दिसत नाही, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. जिल्हा परिषदेत काम केलेल्या माणसाला मात्र 'पीआरसी आली' एवढे दोन शब्द पुरतात. पंचायती राज समितीचे आमदार जिल्ह्यात उतरायचे त्याच्या आदल्या आठवड्यात शाळांना चुना लागतो, औषधांच्या कपाटांची कुलपे उघडतात, आणि मुदत संपलेली औषधे कुठल्या खड्ड्यात जातात ते विचारू नये. समिती जेवते कुठे यावर गावात जास्त चर्चा होते, हेही खरे. तरी एखाद्या गटविकास अधिकाऱ्यासमोर लेखापरीक्षणाचा पॅरा ठेवून 'ही पावती दाखवा' असे कुणी म्हटले की जो घाम फुटतो, तो मुंबईत बसून फोडता येत नाही. लोकलेखा समितीसमोर साक्षीला सचिव येतात. महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, तेव्हा त्यावर सभागृहात बोलायला वेळ नसतो. समिती तो उघडते तेव्हा खर्च होऊन वर्षे लोटलेली असतात, आणि ज्या साहेबाने सही केली तो पेन्शन घेत असतो.

ताजे उदाहरण सिंचनाचे. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत एक तक्ता होता : सिंचनाखालच्या क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून जवळजवळ दशकभरात १७.९ वर आले. शून्य पूर्णांक एक. विरोधकांच्या भाषणांत सत्तर हजार कोटींचा आकडा घुमू लागला, २०१२ च्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेरीस श्वेतपत्रिका आली, डिसेंबरात उपमुख्यमंत्री परत आले. तक्त्याच्या अर्थावर वाद झाला आणि होत राहील. मला त्यातली गोखल्यांची पद्धत ओळखीची वाटली : आकडा सरकारच्याच पुस्तकातला होता.

अलीकडच्या सभागृहाबद्दल थोडे कडू लिहावे लागते. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्याच सुमारे ९५ हजार कोटींच्या होत्या. पुरवणी म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला सुचले नाही ते. एवढे कसे सुचत नाही, हे विचारायला वेळ लागतो आणि वेळ गोंधळात जातो. प्रश्नोत्तराचा तास घोषणांत बुडाला की हाती उरतात फक्त छापील उत्तरे. मंत्री उठत नाही, उपप्रश्न होत नाही. प्रश्न आहे, उत्तर आहे, दुसरा प्रश्न नाही. म्हणजे त्या दिवसापुरते आपण १८९२ मध्ये बसलेले असतो, फरक एवढाच की या वेळी उपप्रश्न कुठल्या गव्हर्नरने काढून घेतलेला नसतो. २०२० च्या सप्टेंबरात साथीमुळे संसदेने प्रश्नतासच वगळला तेव्हा मोठी ओरड झाली, ती योग्यच होती. गोंधळात रोज वाहून जाणाऱ्या तासाबद्दल तेवढी ओरड होत नाही. उत्तरे लिहिणारे मात्र अशा दिवशी सुखाने डबा उघडतात. मी स्वतः उघडला आहे.

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाल्यावर, एका दुपारी माझ्या पहिल्या कचेरीतून फोन आला. पलीकडे कोवळा आवाज होता, नुकताच लागलेला असावा. म्हणाला, "काका, चौऱ्याहत्तर सालचा एक ऑडिट पॅरा अजून उघडाच आहे. पाझर तलावाचा. समितीला माहिती द्यायचीय, जुन्या कागदावर तुमचं अक्षर आहे म्हणाले, म्हणून नंबर शोधला. 'प्रश्न उद्भवत नाही' असंच लिहू ना?"

मी म्हटले, "टेप आहे का कचेरीत?"

"असेल."

"मग आधी जाऊन भिंत मोजून ये."